नेमानीच्या कादंबरीतली चूक

पहिले पुस्तक निघाल्यानंतर तीन वर्षांत अपेनिसाला एक ओळ सुचली नव्हती. हे दुःख त्याने मुकाट्याने पचवले. पचले नाही ते नेमानीचे यश. मामेभाऊ असलेला हा नेमानी सुवा शहराच्या बसस्थानकावर तिकिटे फाडता फाडता कादंबरी लिहून मोकळा झाला, आणि ऑकलंडच्या एका प्रकाशकाने ती स्वीकारलीही.

"लेखकराव, जरा नजरेखालून घाला," व्हरांड्यातल्या चटईवर गठ्ठा टाकत नेमानी म्हणाला. "चुका काढ. नाहीतरी रिकामाच बसलेला असतोस."

आठवडाभर अपेनिसा पेन्सिल घेऊन बसला. चूक मिळेना. प्रत्येक चांगले वाक्य आपल्या दारावरून गेले आणि थांबले नाही, असे त्याला वाटे.

आठव्या प्रकरणात चूक सापडली. गावचा प्रमुख वारल्याच्या पाचव्या दिवशी एक विधवा ताज्या मासळीचा रस्सा रांधत होती. प्रमुख गेला की गावचा समुद्र शंभर रात्री बंद. जाळे नाही, गळ नाही. शहरात वाढलेल्या नेमानीच्या हे ध्यानातच आले नव्हते. अपेनिसाला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

समासात त्याने लिहिले : समुद्र बंद आहे, मग ही बाई काय रांधेल? उत्तर समासात मावेना. त्याने आपले एक कोरे पान ओढले आणि त्यावर लिहीत गेला. बाई रिकामे भांडे घेऊन ओहोटीच्या पाण्यात बसली. आता आपल्याला कुणी धरणार नाही हे जणू कळल्यासारखे मासे तिच्या घोट्यांशी येऊन थबकले; आणि नवरा गेल्यापासून प्रथमच तिने बोलायला तोंड उघडले. तिथे पान संपले.

रविवारी चर्चमधून परतताना नेमानी आला. ते पान त्याने दोनदा वाचले.

"हे मला दे. केरेकेरे."

नात्यातल्या माणसाने केरेकेरे म्हणून काही मागितले, तर नाही म्हणायची रीत नाही.

"दुसरं काहीही माग, नेमानी. पंखा ने. कोंबड्या ने."

"तुझ्या कोंबड्या तुझ्यासारख्याच, अंडं म्हणून देत नाहीत. पान दे बाबा. माझ्या कादंबरीतल्या बाईला ते हवंय."

अपेनिसाने पान दिले. बोटे क्षणभर सुटली नाहीत, एवढेच. नेमानीने ते गठ्ठ्यात जपून सरकवले आणि तो बस गाठायला निघाला.

फाटकापर्यंत त्याची पाठ दिसत राहिली. ते पान आता त्याच्या नावाने छापले जाईल, लोक त्यालाच वाखाणतील. अपेनिसाला हे सलले. त्या सलातच त्याला उमगले, की बाई माशांशी काय बोलली हे त्या पानावर कुठेच नाही. नेमानीला ते ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते तो मागणार कसे?

कुणी मागायला येऊ नये म्हणून अपेनिसाने दार लावून घेतले, आणि बाईचे पहिले वाक्य लिहिले.