माझ्या नाकाकडे बघा

"माझ्या नाकाकडे बघा," असं मी पेशंटला रोज सांगतो, आणि दर वेळी त्या शिंपीणबाई बघतात.

चार वर्षांपूर्वी त्या याच खाटेवर होत्या. सकाळपासून खोली गरगरत होती, उलट्या थांबत नव्हत्या. मी त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून झटक्यात बाजूला वळवलं. नजर माझ्या नाकावरून तसूभरही ढळली नाही. "शाबास! डोळे ठणठणीत," म्हणालो आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. दीडशहाणा! तोल सांभाळणारी कानाची नस बिघडली असती, तर डोळे डोक्याबरोबर वाहवत जाऊन मग नाकावर परत आले असते. सतत गरगरतंय आणि नजर मात्र स्थिर, म्हणजे नस धड आहे आणि घोळ मेंदूत आहे. हे मला पाठ होतं. पण स्थिर नजर बघून बरं वाटलं आणि तिथंच मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा एकटाच आला, बाई रात्रीच गेल्याचं सांगायला.

आज त्याच खाटेवर माझी थोरली बहीण होती. तीच गरगर, त्याच उलट्या.

"ताई, माझ्या नाकाकडे बघ."

"ते नाक लहानपणी मीच पुसलंय. त्यात काय बघायचं?"

मी डोकं वळवलं. नजर हलली नाही.

"डोळे छान स्थिर आहेत, सर," नर्स म्हणाली. मी तिच्यावर उगाच खेकसलो.

मग ध्यानात आलं. भीतीपोटी मी ताईचं डोकं हळूच वळवलं होतं, काचेचं भांडं उचलावं तसं. इतक्या हळू वळवलं तर कुणाचीही नजर टिकते.

पुन्हा धरलं. शिंपीणबाई बघत होत्या. झटका दिला. ताईचे डोळे वाहवत गेले आणि टुणकन नाकावर परतले. डोळ्यांची थरथर एकाच दिशेची होती. एकेक डोळा झाकून पाहिला, नजर वरखाली सरकली नाही. मेंदूची एकही खूण नव्हती, बिघडली होती ती नसच.

"रडतोस काय रे? मरतेय का मी?"

"नाही गं. नजर घसरली तुझी. बरी होशील."

"घसरली म्हणून बरी? कसला डॉक्टर तू!"

शिंपीणबाईंची घसरली नव्हती. त्यांना मी शाबास म्हणालो होतो, आणि त्या लाजून हसल्या होत्या.