लांब वळणावरचा कोरडा घोट

मी एक वाकडी नळी बोलतेय. वीतभर लांब, तोंडाला जाळी. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं, त्यात तोंड बुडवून मी बसलेली असते. तेल ओढायचं आणि पंपामार्फत वर, क्रँकचा फिरता दांडा पेलणाऱ्या बेअरिंगांना पाजायचं, एवढंच माझं काम. पाच बेअरिंगं आहेत. पोटची नसली तरी माझीच. कुणी उपाशी तर नाही ना, ही धाकधूक मला सदैव.

कारखान्यात मला साध्या, सावकाश चालणाऱ्या गाडीसाठी बनवलं होतं. पुढे ती गाडी एका मेकॅनिकनं घेतली आणि त्याच्या लेकीनं ती शर्यतीच्या ट्रॅकवर काढली. पोरगी गोड, पण पाय भलताच जड!

ट्रॅकवर एक लांबलचक डावं वळण आहे. तिथे सगळं तेल चेंबरच्या उजव्या भिंतीवर चढून बसायचं आणि माझं तोंड कोरडं. मी ओढायची ती नुसती हवा. दोन-तीन सेकंदच, पण बेअरिंग जळायला तेवढे पुरतात. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. दुसऱ्या एखाद्या नळीला जमलं असतं का हो?

"बाबा, त्या वळणावर तेलाच्या दाबाचा काटा खाली येतो," लेक म्हणाली. "हे इंजिन गेलं तर आपली शर्यत संपली."

"मग लिटरभर जास्त ओतू की!"

मूल अशक्त दिसलं की दोन घास जास्त भरवायचे, त्यातलाच हा प्रकार. गरगर फिरणाऱ्या क्रँकनं ते जादा तेल घुसळून त्याचा फेस केला. मी लेकरांना फेस पाजू लागले. काटा आणखीच खाली!

"बाबा, हे इंजिन आहे की कपडे धुण्याचं मशीन?"

"हसू नकोस. खोल ते चेंबर. माझी चूक मीच निस्तरतो."

बाबांनी माझ्याभोवती पत्र्याची चौकट बसवली. तिला बिजागरीची चार इवलीशी दारं, फक्त आत उघडणारी. तेल आत येईल, पण वळणावर बाहेर पळणार नाही. तेलही मोजपट्टीवरच्या खुणेपर्यंतच भरलं, थेंबभर जास्त नाही.

वळण आलं. तेल धावलं आणि दारं खटकन मिटली. मी घाबरत घाबरत ओढून पाहिलं. तेल! गरम, दाट, भरपूर तेल!

लेक परतली ती ओरडतच. "काटा जागचा हलला नाही, बाबा! आता तुम्ही तरी हला, सकाळपासून तिथेच उभे आहात."

म्हणून माझी काळजी मिटली का? छे! बिजागरी झिजली तर? जाळीत कचरा अडकला तर? स्वभावच असा, काय करू!

एवढंच मागते. गाडी चालू केल्या केल्या पळवू नका. मी खाली आहे, लेकरं वर आहेत. पहिला घोट त्यांच्यापर्यंत पोचू द्या. मग जा खुशाल.