सरांच्या टाचा थरथरल्या तेव्हा

मी एक जुनी मॅट आहे. आमच्या हॉलमध्ये अशा चोवीस मॅट, दोन खिडक्या, एक आरसा आणि भिंतीवर प्रमाणपत्रांच्या तीन चौकटी. मी दारापासून सातवी. माझी मूळची जाडी चार सेंटिमीटर. मधोमध आता तीनच भरते.

मित्रांनो, कारखान्यात मला दाबलं, कापलं, वर हिरवं रेक्झिन चढवलं, तेव्हा वाटलं होतं की आपण फक्त पायांखाली राहायचं. पण माझ्या पहिल्या हॉलमधल्या गुरुजींनी एकदा स्वतः न शिकलेली फेक, म्हणजे उचलून पाडायचा डाव, एका मुलावर करून पाहिली. मुलगा मानेवर पडला. रुग्णवाहिका येईपर्यंत बावीस मिनिटं तो माझ्यावर होता. त्याचे पाय हलले नाहीत. तेव्हापासून मला भीती वाटते. मॅटला बाजूला सरकता येत नाही.

तो हॉल बंद झाला आणि मी इथे आले. इथले सर कराटे शिकवत, आणि उत्तम शिकवत. दोन चौकटी कराटेच्याच होत्या. तिसरी परक्या लिपीतली, लाल शिक्क्याची. ती फेकींची पदवी आहे, असं पालकांनी आपणच ठरवून टाकलं. सर गप्प राहिले.

यंदा स्पर्धेत फेकींनाही गुण होते. स्पर्धेला आठ दिवस उरले, तेव्हा नऊ वर्षांच्या चिमणीचे बाबा येऊन बसले.

"सर, हिला ती खांद्यावरची फेक दाखवाच."

"बघू पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी कशाला? एवढी पदवी टांगलीय, ती काय भिंतीची ओल झाकायला?"

सर हसले आणि चिमणीला घेऊन माझ्यावर उभे राहिले. "एक," ते म्हणाले. वरून सगळ्यांना त्यांची ताठ पाठ दिसत होती. मला त्यांच्या टाचा कळत होत्या. त्या थरथरत होत्या.

"दोन." त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. तिचं सत्तावीस किलो वजन त्या टाचांवर आलं. तिचं डोकं माझ्या दिशेने लोंबत होतं. मला ती बावीस मिनिटं आठवली.

"सर, पडताना हात कुठे ठेवू?" तिने विचारलं.

सरांना ते माहीत नव्हतं. त्यांनी गुडघे वाकवून तिला हळूच खाली उतरवलं.

"मला हे येत नाही," ते म्हणाले. "ती चौकट दोन दिवसांच्या शिबिराच्या हजेरीची आहे. मी कोपऱ्यात बसून नुसतं पाहत होतो."

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला वेड्यात काढलंत?"

"हो."

बाबा चिमणीला घेऊन गेले. त्या आठवड्यात आणखी अकरा मुलं गेली. सरांनी ती चौकट उतरवली. माझ्यावर धूळ साचली. मग एक दिवस त्यांनी ज्युदो शिकवणाऱ्या ताईंना बोलावलं. त्या सरांहून दहा वर्षांनी लहान होत्या.

"आधी पडायला शिका," ताई म्हणाल्या. "नवशिक्याचा पांढरा पट्टा आहे ना?"

"होता. मुलीने बाहुलीला बांधलाय."

"मग बाहुलीची परवानगी घेऊन सोडून आणा."

मित्रांनो, आम्हाला झटका, पुसा, उसवलं तर शिवा. आणि ज्याच्या हाती आपली मान देता, त्याला विचारा, हे तुम्ही कुणाकडे शिकलात, किती दिवस? जो खरंच शिकलेला असतो, त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसऱ्या दिवशी सर पट्टा बांधून आले. ताई मोजायला वही घेऊन बसल्या. पहिल्या शंभर पडण्यांत सरांचं डोकं एकोणचाळीस वेळा माझ्यावर आपटलं.