आटलेला कारखाना

२००५ साली राजशेखरनं पुण्यातली नोकरी सोडून राजारामपुरीत सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं, तेव्हा सासरे म्हणाले, "कोल्हापुरात कॉम्प्युटर? त्यातनं दूध काढणार व्हय?" म्हणून इचलकरंजीचे यंत्रमागवाले बाळासो, हे पहिलंवहिलं गिऱ्हाईक टिकणं इज्जतीचं झालं होतं. कुठल्या मागाचा धागा तुटला हे पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता.

भाषा नवी होती, पायथन. भागीदारीण निशिगंधानं निवडलेली. राजशेखरचे हात मात्र पुण्यातल्या नोकरीत 'जावा' या दुसऱ्या भाषेत मुरलेले. तिथली एकूण एक रीत त्यानं रुखवतासारखी मिरवत इकडं आणली. प्रोग्रॅममध्ये एक माग हवा, तर आधी माग घडवणारा कारखाना लिहायचा, कारखान्यावर व्यवस्थापक, व्यवस्थापकावर देखरेखवाला.

"दादा, कामाला एक माणूस न्हाय, सगळे साहेबच," निशिगंधा म्हणायची.

"शिस्त म्हणतात त्याला."

दाखवायचा दिवस आला. बाळासोंच्या शेडमध्ये खडखडाट, पापण्यांवर कापसाची पांढरी धूळ, पडद्यावर मागागणिक एक हिरवा चौकोन. एका मागावर धागा तुटला आणि सगळे चौकोन लालभडक झाले.

"आरं, समदं चालू हाय की!" बाळासो गरजले. "पावणं, तुमचं मशीन पिऊन आलंय काय? च्या येईस्तोवर बघा, न्हायतर गुंडाळा."

"तुटलेल्या धाग्यांची यादी कुठं लिहिलीसा?" निशिगंधानं विचारलं.

"ज्यावरनं सगळे माग घडतात त्या साच्यात, वरच. जावात तिथं लिहिली की प्रत्येक मागाला आपापली मिळते."

"पायथनात तिथं लिहिली म्हणजे अख्ख्या गल्लीला एकच नळ. माग जन्मंल तवा त्याच्या हातात द्यायची."

राजशेखरनं यादी हलवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण हात थांबेना. या भाषेत तर मागाचं नाव घेतलं की माग उभा राहतो, मग कारखाना कशाला? पुसला. व्यवस्थापक गेला, देखरेखवालाही गेला.

"दादा, च्या आला!"

धागा तुटला की ज्यानं खबर मागितलीय त्याला हाक द्यायची, एवढी एक रीत त्यानं जीव लावून राखली. तिचाही फेटा-कोट उतरवला. एक साधं फंक्शन उरलं.

बाळासोंनी स्वतः बोटानं धागा तोडला. एकच चौकोन लाल झाला. ते वाकून प्रोग्रॅमकडं बघत राहिले.

"मगाशी पानंच्या पानं हुती. धुतल्यावर आटलं व्हय?"

"खळ निघाली, मालक," राजशेखर म्हणाला.

"मग पलीकडच्या शेडात बी लावा. पण येताना घरनं धुऊन आणा!"