उंबऱ्यातला गूळ

बिजमा लग्न होऊन हिमालयातल्या जौनसारच्या या घरात आली, तेव्हा तिचा धाकटा नवरा खजान अजून रांगत होता. तिथल्या रीतीप्रमाणे थोरल्या भावाची बायको ती सगळ्या भावांची; म्हणून ती थोरल्या मोहरसिंगाची, तशी आपोआप त्याच्या धाकट्या भावाची, खजानचीही. पण सासू लवकर देवाघरी गेली आणि त्याला घास भरवला तो हिनेच. आता खजानने स्वतःसाठी वेगळी नवरी पसंत केली होती, आणि इथल्या चालीप्रमाणे नवरीच वऱ्हाड घेऊन दाराशी आली होती.

ताट हातात धरून बिजमा उंबऱ्यातच थिजली. सासू म्हणून ओवाळावं, की सवत म्हणून गळाभेट घ्यावी?

"अगं, ठरव लवकर," मोहरसिंग हसला. "ढोलकऱ्यांचे हात दुखायला लागले."

"तुम्हीच सांगा! तुम्ही तिचे सासरे की थोरले दीर?"

मोहरसिंगाने टोपी काढून डोकं खाजवलं.

"महासू देवा, तूच सोडव रे बाबा हा गुंता," ती पुटपुटली.

नवरी वाकली. "तुम्हाला काय म्हणू?"

"ते दोघी मिळून ठरवू गं. आधी आत ये, गारठलीस." बिजमाने तिच्या तोंडात गूळ घातला.

शेजारी खजाननेही सवयीने आ केला.

वऱ्हाड खो खो हसलं. बिजमाने त्यालाही खडा भरवला. पण हात आईचा होता की बायकोचा, हे तिला काही केल्या उमगेना.