कामापुरतं बोलणं

माझी आई आणि मावशी सहा वर्षं एकमेकींशी फक्त कंबर, बाह्या आणि काजं यांबद्दल बोलत होत्या. सख्ख्या बहिणी, पाठोपाठच्या, एका पांघरुणात वाढलेल्या. पण आमच्या मंडळीचा नियमच तसा आहे. जो प्रार्थनाघर सोडून जातो, त्याचं नाव वगळतात. त्याच्याबरोबर जेवायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, बोलायचं नाही. फक्त कामापुरतं बोललं तर चालतं, कारण दुकान तर सगळ्यांनाच चालवायचं असतं.

आणि आईचं दुकान शिलाईचं. रस्त्याला लागून एक खोली, त्यात मशीन, कापायचं टेबल, आरसा, पडदा आणि मी. शाळा सुटली की मी तिथेच बसून अभ्यास करते, म्हणजे गप्पा ऐकते.

मावशीचं नाव वगळलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिचं चार महिन्यांचं बाळ गेलं होतं. आमचे थोरले (मंडळीच्या प्रमुखांना सगळे थोरलेच म्हणतात) प्रवचनात म्हणाले की विश्वास कमी पडतो, तेव्हा अशा परीक्षा येतात. मावशी भर सभेत उठली आणि म्हणाली, "माझा कमी पडला असेल. बाळाचा काय कमी पडला?" मग चपला घालून निघून गेली. नवरा तिच्यामागे गेला नाही. तो अजून तिसऱ्या रांगेत बसतो.

थोरले राक्षस आहेत असं मात्र समजू नका. बाबा शिडीवरून पडले तेव्हा महिनाभर आमच्या घरी चूल पेटली नव्हती, इतके डबे मंडळीतून येत होते. थोरल्यांनी स्वतः बाबांची दाढी केली होती. आईला या माणसांशिवाय जगच माहीत नाही. तिने मला एकदा समजावलं होतं, काज कसं करायचं ते समजावते तितक्याच सरळ: "मी बोलत नाही म्हणूनच ती एक दिवस परत येईल. मी बोलायला लागले तर तिला परत यायचं कारणच उरणार नाही. आणि ती नाही आली, तर मेल्यावर ती एकीकडे आणि मी एकीकडे. कायमची. ते मला नकोय."

तर मावशी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायची. गिऱ्हाईक म्हणून. हातात तोच करडा कोट. दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या आणि मी वहीत तोंड खुपसून हसायचे.

"काय करायचंय याचं?" आई विचारायची.

"खांदा बघा जरा. मागच्या वेळी कुणी शिवला कोण जाणे. डोळे मिटून शिवलाय."

"गिऱ्हाईक सरळ उभं राहत नाही, त्याला शिंपीण काय करणार?"

"शिंपिणीला सांगा, चष्म्याचा नंबर वाढलाय. सुई नाकाला लागते तिच्या."

"हात वर करा. श्वास रोखू नका. दंड... नीट जेवत असाल तर माप टिकेल, नाहीतर पुढच्या महिन्यात परत उसवावं लागेल."

"बरं होईल की. परत यायला कारण मिळेल."

आई टेप घेऊन तिच्याभोवती फिरायची. कमरेचं माप घ्यायला दोन्ही हात मागे न्यावे लागतात ना, त्या वेळी तिचा गाल क्षणभर मावशीच्या छातीला टेकायचा. हे मी फार उशिरा बघितलं.

मग मापं उतरायला लागली. मापांच्या वहीत मावशीचं स्वतंत्र पान होतं. कंबर तीस. दोन महिन्यांनी अठ्ठावीस. मग सव्वीस. त्या दिवशी आईने टेप दोनदा लावला.

"डॉक्टरला दाखवलंत का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

मावशी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. "हे कामाचं आहे का?"

आईने खडू उचलला आणि कोटावर रेघ मारली. "आत घ्यावा लागेल," म्हणाली. रात्रभर चालेल इतकं शिवण समोर होतं, तरी त्या संध्याकाळी तिने मशीनला हात लावला नाही.

आणि इथे मी येते. त्या महिन्यात मी शाळेत वक्तृत्वात पहिली आले होते. मला वाटायला लागलं होतं की जगातला कुठलाही प्रश्न तीन मुद्द्यांत आणि एका टाळीच्या वाक्यात सुटतो. प्रार्थनाघरात दर आठवड्याला मुलांसाठी प्रश्नांचा तास असतो, मोठेही मागे बसून ऐकतात. मी हात वर केला. आरशासमोर चार दिवस तयारी केली होती.

"कामापुरतं बोलायची मुभा आहे," मी खणखणीत आवाजात म्हणाले, "तर आजारी माणसाला आजाराबद्दल विचारणं हे काम नाही का? सेवा हेच काम, असं तुम्हीच शिकवता!"

लोक कौतुकाने हसले. थोरलेही हसले. "पोरगी वकील होणार. कुणाबद्दल विचारतेस, बाळा?"

आणि मला काय वाटलं? जिंकले! मी सगळं सांगितलं. दर महिन्याचा पहिला मंगळवार, करडा कोट, तीस, अठ्ठावीस, सव्वीस. सांगता सांगता मागच्या रांगेत आईकडे बघितलं, तर ती मान खाली घालून पदराचं टोक पुन्हा पुन्हा दुमडत होती.

दुसऱ्या दिवशी थोरले दुकानात आले. आवाज चढवला नाही. उलट त्यांचे डोळे भरले होते. "सहा वर्षांत त्या कोटाचं काम संपलं नाही, बाई? ही पळवाट झाली. तुझ्या या मायेनेच ती बाहेर राहिलीय. तिचं काम दुसरीकडे जाऊ दे." आईने मान हलवली. तिला ते खरंच पटलं, हेच मला सहन होत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मावशी आली. भिंतीला धरत आली.

"शिंपीणबाई, गिऱ्हाईक उभं आहे."

आई मशीन चालवत राहिली. सुईखाली कापडच नव्हतं.

"अहो, ऐकलंत का?"

खडखड, खडखड.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती एक ठेवून देईल. तिने माझा कान पकडला, हळूच. "भर सभेत हात वर केलास? अगदी माझ्यावर गेलीस, वेडे." मग कोट परत हातावर टाकला आणि गेली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मशीन थांबलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी मावशीची घरमालकीण दुकानात आली. पहाटे गेली, म्हणाली. संध्याकाळी नेणार. आई उभीच होती. वगळलेल्यांच्या अंत्यविधीलाही आमच्यात कुणी जात नाही, हे घरमालकिणीला माहीत नसावं.

आईने विचारलं, "कपडे कुठले घातलेत?"

"तो करडा कोट. तोच घाला म्हणाली होती. पण फारच ढगळ होतोय हो, मागून टाचण्या लावल्यात."

"टाचण्या?" आई म्हणाली.

तिने सुया, करडा दोरा, कात्री आणि टेप पिशवीत टाकला. बाबा दारात होते. "कुठे निघालीस?"

"कामाला."

बाबा बाजूला झाले.

मावशीची खोली जिन्याखाली होती. एक खुर्ची, एक खिडकी आणि पलंगावर ती, शाळकरी मुलीएवढी. आईने माप घेतलं. हात मागे नेऊन, गाल टेकवून, नेहमीसारखं. बावीस. मग तिला कुशीवर वळवून एकेक टाचणी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. सव्वा तास शिवत होती. घरमालकिणीसमोर, खिडकीतून डोकावणाऱ्यांसमोर. मावशीशी एक शब्द बोलली नाही. मला फक्त म्हणाली, "खांदा जरा उचलून धर."

शेवटचा टाका मानेजवळ होता. कात्री शेजारीच पडली होती, पण आई दाताने दोरा तोडायला खाली वाकली. तिचं तोंड मावशीच्या कानाशी होतं. ती वर आलीच नाही. दोरा तोडायला इतका वेळ लागत नाही.