निर्भयबाबांचा पेला

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. उद्या परीक्षेचा पहिला पेपर, आणि व्यासपीठावर निर्भयबाबा पोरांच्या पोटातली भीती काढत होते.

"फुंक, लेकरा! बेंबीच्या देठापासून फुंक!"

तिसरीतल्या पोरानं नळीतून पेल्यात फुंकलं. नितळ पाणी बघता बघता दुधाळ झालं.

"आली! भीती बाहेर आली! आता पेन हातात धर, उत्तरं आपोआप उतरतील!"

आया डोळे पुसू लागल्या, बापांचे हात खिशाकडे गेले.

मागच्या रांगेत ठमीची मावशी तिला शेजारी घेऊन दातओठ खात बसली होती. ती दुसऱ्या शाळेत विज्ञान शिकवायची. गेल्या रविवारी या भाचीनं इथंच फुंकलं होतं. ठमीच्या वडिलांनी दक्षिणा द्यायला साफ नकार दिलेला. पाणी जसंच्या तसं राहिलं. "हिची भीती हट्टी आहे. ही पास व्हायची नाही. मोठी सेवा घेऊन पुन्हा आणा," असं बाबांनी माइकवरून जाहीर केलं. आठ वर्षांच्या पोरीबद्दल! तेव्हापासून पाटीदप्तर दिसलं की ठमी ओकायची.

मावशीनं घरी परोपरीनं समजावलं होतं. ठमीचं एकच, "सगळ्यांचं पांढरं झालं, मावशी. माझंच नाही." मग मावशीनंही ठरवलं, या बाबाची खोड मोडायची ती चारचौघांत, त्याच माइकवर.

ठमीचं नाव पुकारताच ती तिला घेऊन वर गेली. दक्षिणा याही वेळी दिली नव्हती; शिष्य वेगळा पेला पुढे करू लागला. तो बाजूला सारून तिनं इतरांसाठी भरून ठेवलेल्यांतला एक उचलला. पिशवीतून सोड्याची बाटली काढली, बुचातून ओवलेल्या नळीचं टोक पेल्यात बुडवलं आणि बाटली जराशी हलवली. बुडबुडे सुटले. पाणी पांढरंफटक!

"बाबा," माइक ओढून घेत ती म्हणाली, "या बाटलीचा उद्या कुठला पेपर आहे हो?"

सभागृहात हशा पिकला. बाबा किंचाळले, "ही श्रद्धेची थट्टा आहे!"

"थट्टा तुम्ही मांडलीत. ही चुन्याची निवळी आहे. सोड्यात असतो तोच वायू आपल्या उच्छ्वासात असतो. तो मिसळला की निवळी पांढरी होते. पैसे देणाऱ्यांना निवळी दिलीत, माझ्या भाचीला साधं पाणी. आता तुम्ही फुंका. निर्भय ना तुम्ही?"

बाबा मागे सरले. समोरचे चार बाप उठून उभे राहिले तेव्हा कुठे त्यांनी फुंकलं. पेला दुधासारखा झाला, आणि बाबांच्या कपाळावर घाम फुटला. मावशीच्या काळजात गारवा पसरला. तिला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

मग ठमीनं फुंकलं. तिचंही पांढरं झालं.

"म्हणजे मी बिघडलेली नाही?"

"मुळीच नाही."

"पण पोटात गोळा आहे अजून."

"असू दे. मोठ्यांनाही येतो. पेपर हातात आला की सावकाश श्वास घ्यायचा, आणि येतं ते गणित आधी सोडवायचं."

ठमीनं जरा विचार केला. "मग जाईन उद्या."

मावशी सभागृहाकडे वळली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"चमत्कार दिसला की टाळ्या वाजवण्याआधी पेल्यात काय आहे ते विचारा. आणि भीती काढायला एवढ्या लांबून बाबा आणलात; ती पोरांच्या पोटात घातली कुणी, तेही आज घरी गेल्यावर पोरांनाच विचारा. उत्तर ऐकायची हिंमत मात्र ठेवा."